दुभत्या गाईचा आहार व चयापचय आरोग्य

दुभत्या गाईचा आहार व चयापचय आरोग्य हा पशुपोषणशास्त्र आणि पशुवैद्यक या दोन्ही शास्त्रांचा विषय आहे. गाईच्या एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंतच्या काळात तिच्या शरीराच्या गरजा कशा बदलतात, त्या आहारातून कितपत भागतात आणि न भागल्यास कोणते विकार होतात, याचा विचार त्यात केला जातो. विण्यापूर्वीचे सुमारे तीन आणि व्याल्यानंतरचे सुमारे तीन असे सहा आठवडे या चक्रात सर्वांत नाजूक असतात. या अवधीला संक्रमण काळ म्हणतात. दुग्धज्वर, किटोसिस, वार न पडणे, चौथे जठर सरकणे हे दुधाळ गाईंचे बहुतेक चयापचय विकार याच काळात किंवा त्याला लागून दिसतात. ते वेगवेगळ्या नावांनी ओळखले जात असले, तरी शरीराची मागणी एकाएकी वाढणे आणि पुरवठा तिच्या मागे पडणे हे त्यांतील बहुतेकांचे समान मूळ आहे. त्यामुळे व्याल्यानंतरच्या आरोग्याची तयारी गाय दूध देत नसते त्या भाकड काळातच करावी लागते.

दुग्धचक्राचे टप्पे

गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. देशी गोवंशात तो काही दिवसांनी अधिक असतो. दुधाळ गाईने दर १२ ते १३ महिन्यांनी एक वेत द्यावे, हे आदर्श मानले जाते. त्यापैकी सुमारे ३०५ दिवस दुधाचे आणि ६० दिवस भाकड काळाचे असतात. आहाराच्या दृष्टीने या चक्राचे पुढील टप्पे पाडले जातात :

१. भाकड काळाचा पूर्वार्ध : गाय आटवल्यापासून विण्याच्या तीन आठवडे आधीपर्यंत.
२. भाकड काळाचा उत्तरार्ध : विण्यापूर्वीचे शेवटचे २१ दिवस.
३. ताजी व्यालेली गाय : व्याल्यानंतरचे पहिले २१ दिवस.
४. दुधाचा चढता काळ व शिखर : साधारणतः शंभराव्या दिवसापर्यंत.
५. मध्यकाळ : १०० ते २०० दिवस.
६. उतरता काळ : २०० दिवसांपासून आटवेपर्यंत.

दुधाचे उत्पादन व्याल्यानंतर झपाट्याने वाढते आणि सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठते. गाईची भूक मात्र त्या गतीने वाढत नाही. ती सर्वाधिक चारा-खुराक खाऊ लागते तो काळ साधारण दहाव्या ते चौदाव्या आठवड्यात येतो. या दोन शिखरांमधील अंतर ही दुधाळ गाईच्या पोषणातील मुख्य अडचण आहे. या अवधीत आहारातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा दुधावाटे जाणारी ऊर्जा अधिक असते. ही तूट गाय अंगावरील चरबी व काही प्रमाणात स्नायू वितळवून भरून काढते. या स्थितीला ऋण ऊर्जासंतुलन म्हणतात. ती मर्यादित असेल तर नैसर्गिक आहे. ती खोल गेली किंवा लांबली की विकार सुरू होतात.

पचन व चयापचयाची रचना

गाय हा रवंथ करणारा प्राणी आहे. तिच्या चार कप्प्यांच्या जठरातील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट किंवा रोमंथिका. त्यातील असंख्य सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतुमय भाग आंबवून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही बाष्पनशील मेदाम्ले तयार करतात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा याच आम्लांतून मिळतो. ॲसेटिक व ब्युटिरिक आम्लांपासून दुधातील स्निग्धांश बनतो, तर प्रोपिऑनिक आम्लापासून यकृतात ग्लुकोज तयार होते. मेलेले सूक्ष्मजीव पुढे चौथ्या जठरात व आतड्यांत पचतात आणि गाईला प्रथिने पुरवतात. म्हणूनच गाईला खाऊ घालणे म्हणजे आधी तिच्या पोटातील सूक्ष्मजीवांना खाऊ घालणे होय.

माणसाप्रमाणे गाईला आतड्यांतून आयते ग्लुकोज फारसे मिळत नाही. ते तिला यकृतात तयार करावे लागते. दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोजपासूनच बनते. एक लिटर दुधासाठी सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागते, असा हिशेब केला जातो. म्हणजे २० लिटर दूध देणाऱ्या गाईच्या यकृताला केवळ दुधासाठी दररोज जवळजवळ दीड किलो ग्लुकोज पुरवावे लागते. लॅक्टोजच्या प्रमाणावर दुधातील पाण्याचे प्रमाण, पर्यायाने दुधाची मात्रा अवलंबून असते.

व्याल्यानंतर शरीरातील संप्रेरके अशी बदलतात की, पोषकद्रव्यांचा ओघ इतर अवयवांकडून कासेकडे वळतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डेल बाउमन व त्यांचे सहकारी ब्रूस करी यांनी १९८० मध्ये या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन केले. शरीराच्या एका विशिष्ट अवस्थेची गरज भागवण्यासाठी संपूर्ण चयापचयाची दिशा बदलणे, या अर्थी त्यांनी ‘होमिओऱ्हेसिस’ ही संज्ञा वापरली. वासराला दूध मिळावे म्हणून गाय स्वतःच्या शरीराची झीज सोसते. अधिक दुधासाठी निवडलेल्या जातींत ही प्रवृत्ती तीव्र असते. म्हणून अपुरा आहार मिळाला तरी अशी गाय दूध लगेच कमी करत नाही. काही दिवस भरपूर दूध देऊन ती मग आजारी पडते.

संक्रमण काळ

गर्भाच्या वजनाची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या दोन महिन्यांत होते. त्याच वेळी वाढत्या गर्भाशयाचा दाब आणि संप्रेरकांतील बदल यांमुळे गाईची भूक घटते. विण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत आहारात सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घट दिसून येते आणि त्यातील मोठा भाग अखेरच्या काही दिवसांतील असतो. पुढे चीक तयार होऊ लागतो, प्रसूती होते आणि दूध सुरू होते. गर्भधारी, न दुभणाऱ्या अवस्थेतून दुभत्या अवस्थेत जाण्याचा हा बदल काही दिवसांत पार पडतो. याच सुमारास रोगप्रतिकारशक्तीही मंदावलेली असते.

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आहारविषयक संशोधनाचा भर मुख्यतः दुधाच्या शिखरकाळावर होता. इलिनॉय विद्यापीठाचे जेम्स ड्रॅकली यांनी १९९९ मध्ये संक्रमण काळाकडे विशेषत्वाने लक्ष वेधले. त्यानंतर या सहा आठवड्यांचे व्यवस्थापन हे दुग्धव्यवसायातील संशोधनाचे प्रमुख क्षेत्र बनले.

प्रमुख चयापचय विकार

दुग्धज्वर

दुग्धज्वर हे नाव फसवे आहे, कारण या विकारात ताप नसतो. उलट शरीराचे तापमान बहुधा उतरते. रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्याने तो होतो. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम असते. दहा लिटर चिकामध्ये सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे रक्तात असलेल्या साठ्याच्या अनेक पटींनी कॅल्शियम एका धारेत बाहेर पडते. ही उणीव हाडांतील साठ्यातून आणि आतड्यांतील शोषणातून तातडीने भरून निघावी लागते. परावटू ग्रंथीचे संप्रेरक व ड जीवनसत्त्व यांच्या साहाय्याने हे काम चालते. ते सुरू व्हायला एक-दोन दिवस लागले, तर तेवढ्यात गाय कोसळते.

निरोगी गाईच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते ५.५ मिलिग्रॅमच्या खाली गेले की लक्षणे स्पष्ट दिसू लागतात. सुरुवातीला गाय अस्वस्थ होते, थरथरते, पाय ताठ करते. मग खाली बसते, मान पोटाकडे वळवून पडून राहते, कान व पाय गार पडतात, रवंथ थांबते. उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. तिसऱ्या व त्यापुढील वेतांतील गाईंमध्ये हा विकार अधिक आढळतो आणि जर्सी जातीत त्याचे प्रमाण विशेष असते. पहिलारू गाईंमध्ये तो क्वचित होतो.

याच्या उपचाराचा इतिहास उद्‌बोधक आहे. डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील पशुवैद्य स्मिट यांनी १८९७ मध्ये कासेत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण भरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी बहुसंख्य गाई दगावत. या पद्धतीने ते प्रमाण खूपच घटले. पुढे द्रावणाऐवजी कासेत हवा भरूनही तोच गुण येतो, असे आढळले. कासेतील दाब वाढल्याने दूध तयार होणे थांबे आणि कॅल्शियमची गळती रोखली जाई. पण हे कारण तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. १९२५ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी रक्तातील कॅल्शियमची घट हे मूळ कारण पुढे आणले. त्यानंतर कॅल्शियमचे क्षार रक्तात देण्याचा उपचार रूढ झाला. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेवाटे देण्याची पद्धत आजही वापरात आहे. ते भराभर दिल्यास हृदयाची क्रिया बंद पडू शकते, म्हणून हे काम पशुवैद्यकाकडूनच, हळूहळू आणि हृदयावर लक्ष ठेवून करावे लागते.

लक्षणे न दाखवणारी कॅल्शियमची कमतरता याहून पुष्कळ अधिक आढळते. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दुसऱ्या व त्यापुढील वेतांतील सुमारे निम्म्या गाईंमध्ये ती दिसून आली. कॅल्शियम स्नायूंच्या आकुंचनास आवश्यक असल्याने ते कमी पडले की जठर व गर्भाशय यांची हालचाल मंदावते, सडांची तोंडे नीट मिटत नाहीत आणि संरक्षक पेशींचे काम शिथिल होते. भूक मंदावणे, वार अडकणे, गर्भाशयाचा दाह व कासदाह यांची सुरुवात अनेकदा येथूनच होते.

किटोसिस

किटोसिस किंवा कितनबाधा हा ऊर्जेच्या तुटीचा विकार आहे. तूट भरून काढण्यासाठी चरबी वितळते आणि मुक्त मेदाम्ले रक्तावाटे यकृतात येतात. यकृत त्यांतील काहींचे ऊर्जेत रूपांतर करते. जे पूर्णपणे जाळता येत नाही त्याचे किटोन पदार्थ बनतात आणि उरलेली चरबी यकृतातच साठते. गाईच्या यकृताची ही चरबी परत बाहेर पाठवण्याची क्षमता फार थोडी असते. त्यामुळे यकृत मेदाने भरते आणि ग्लुकोज तयार करण्याचे त्याचे कामही मंदावते. ग्लुकोज कमी पडल्याने आणखी चरबी वितळते आणि दुष्टचक्र सुरू होते.

बाधित गाय प्रथम खुराक नाकारते, पण कडबा किंवा वाळलेला चारा खाते. ती झपाट्याने वाळते, शेण घट्ट होते, दूध घटते आणि श्वासाला व दुधाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो. काही गाई वेड्यासारखे वर्तन करतात, गव्हाण वा साखळी चाटत राहतात. लघवीतील किटोन ओळखण्यासाठी रोथेरा चाचणी दीर्घकाळ वापरात आहे. रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या पदार्थाचे प्रमाण दर लिटरमागे १.२ मिलिमोल किंवा अधिक असल्यास गाय सुप्त किटोसिसग्रस्त समजली जाते. उपचारात तोंडावाटे प्रोपिलिन ग्लायकॉल आणि गरजेनुसार शिरेवाटे ग्लुकोज देतात. विण्याच्या वेळी लठ्ठ असलेल्या गाईंना या विकाराचा धोका सर्वाधिक असतो, कारण त्यांची भूक कमी असते आणि वितळायला चरबी भरपूर असते.

कोटीपोटातील आम्लता

धान्य, पीठ किंवा शिजवलेले पिष्टमय अन्न एकाएकी अधिक खाण्यात आले की कोटीपोटात आम्ल वेगाने तयार होते. तेथील सामूचे प्रमाण साधारण ६ ते ६.८ असते. ते दिवसातील बराच काळ ५.६ च्या आसपास किंवा खाली राहिल्यास सौम्य, दीर्घकालीन आम्लता संभवते. तीव्र प्रकारात लॅक्टिक आम्ल साठून गाय काही तासांत मरणासन्न होऊ शकते. लग्नकार्यातील उरलेला भात, पोळ्या किंवा गोड पदार्थ जनावरांपुढे टाकल्याने झालेली आम्लता ग्रामीण भागातील पशुवैद्यकांच्या परिचयाची आहे.

या आम्लाला शमवण्याचे मुख्य साधन म्हणजे लाळ. गाय दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक लाळ स्रवते आणि त्यात सोडियम बायकार्बोनेट असते. लाळ येण्यासाठी चर्वण व रवंथ आवश्यक आहे आणि रवंथासाठी पुरेशा लांबीचा तंतुमय चारा लागतो. फार बारीक कुट्टी किंवा केवळ खुराक यांमुळे रवंथ घटते. सौम्य आम्लतेत दुधातील स्निग्धांश उतरतो, शेण पातळ होते, भूक कमी-जास्त होते आणि खुरांच्या आतील भागाचा दाह होऊन गाय लंगडू लागते.

इतर विकार

व्याल्यानंतर २४ तासांत वार (झार) न पडणे हा विकार प्रसूतीतील अडचणी, संसर्ग, कॅल्शियमची कमतरता आणि सेलेनियम व ई जीवनसत्त्व यांची उणीव अशा अनेक कारणांनी होतो. चौथे जठर वायूने फुगून डाव्या बाजूला सरकणे हा विकार मुख्यतः पहिल्या महिन्यात होतो. अपुरा चारा, मंदावलेले जठर आणि किटोसिस यांच्याशी त्याचा निकट संबंध आहे. स्फुरदाच्या कमतरतेमुळे व्याल्यानंतर काही आठवड्यांत तांबड्या पेशी फुटून लघवी लाल होणे हा विकार भारतात म्हशींमध्ये, तसेच गाईंमध्येही आढळतो.

टप्प्यांनुसार आहार

भाकड काळ

आटवताना खुराक कमी केला जातो, म्हणजे दूध लवकर ओसरते. त्यानंतरच्या पूर्वार्धात गाईला भरपूर तंतुमय चारा व मर्यादित ऊर्जा पुरेशी असते. तिने ना वाळावे ना लठ्ठ व्हावे. अंगावरील मांस-चरबीचा अंदाज घेण्यासाठी १ ते ५ अशी शरीरस्थितीची गुणपद्धती वापरतात. कंबरेची हाडे, शेपटीचे मूळ व बरगड्या यांवर हात फिरवून व पाहून हे गुण ठरवतात. विण्याच्या वेळी ते ३ ते ३.५ च्या दरम्यान असावेत आणि व्याल्यानंतर त्यांत अर्ध्या ते एक गुणापेक्षा अधिक घट होऊ नये, असे मानतात. भाकड काळात लठ्ठ गाईला वाळवण्याचा प्रयत्न करू नये. तिची स्थिती उतरत्या दुधाच्या काळातच सुधारावी लागते.

शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक थोडा-थोडा वाढवतात. पुढे जे खाद्य द्यायचे आहे त्याची कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना सवय व्हावी आणि तेथील शोषक अंकुरांची वाढ व्हावी, हा त्यामागील हेतू असतो. अंकुरांच्या वाढीस काही आठवडे लागतात. विण्यापूर्वी खुराक वाढवण्याची ही कल्पना इंग्लंडमध्ये रॉबर्ट बाउटफ्लोर यांनी १९२० च्या दशकात प्रसृत केली. भारतात शेवटच्या दोन महिन्यांत दररोज साधारण दीड ते दोन किलो खुराक देण्याची शिफारस केली जाते.

कॅल्शियमच्या बाबतीत मात्र सामान्य समजुतीच्या उलट वागावे लागते. विण्यापूर्वी भरपूर कॅल्शियम दिल्यास हाडांतून ते काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्त होते. नॉर्वेतील संशोधकांनी १९७० च्या सुमारास आहारातील क्षारांच्या प्रमाणाचा दुग्धज्वराशी संबंध दाखवला आणि कॅनडात एलियट ब्लॉक यांनी १९८४ मध्ये त्याला पुष्टी दिली. पोटॅशियम व सोडियम अधिक असल्यास रक्त अल्कधर्मी होते आणि परावटू संप्रेरकाला हाडे व मूत्रपिंडे नीट प्रतिसाद देत नाहीत. क्लोराइड व सल्फेट असलेले क्षार दिल्यास हा प्रतिसाद सुधारतो. या क्षारांचा परिणाम लघवीचा सामू तपासून जोखता येतो. लसूणघासात पोटॅशियम व कॅल्शियम दोन्ही विपुल असल्याने शेवटच्या तीन आठवड्यांत तो मर्यादित ठेवतात. प्रसूतीनंतर मात्र कॅल्शियमचा पुरवठा वाढवतात.

व्याल्यानंतरचे पहिले तीन आठवडे

या काळात भूक वाढवणे हेच मुख्य उद्दिष्ट असते. ताजे व भरपूर पाणी, उत्तम प्रतीचा चारा, दिवसातून अनेक वेळा थोडे-थोडे खाद्य आणि विश्रांती यांना महत्त्व असते. खुराक दररोज साधारण अर्ध्या किलोपेक्षा अधिक वेगाने वाढवू नये. महाराष्ट्रात व्यालेल्या गाईला शिजवलेली बाजरी, गूळ, मेथ्या व बाळंतशेपा देण्याची रीत आहे. थोड्या प्रमाणात त्यातून सहज ऊर्जा मिळते. पण ताज्या व्यालेल्या गाईला एकदम घमेलेभर धान्य घातल्यास आम्लतेचा धोका असतो.

शिखरकाळ, मध्यकाळ व उतरता काळ

शिखरकाळात ऊर्जा व प्रथिनांची गरज सर्वाधिक असते. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, सोयाबीन पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा व क्षार मिश्रण यांपासून खुराक बनवतात. तेल किंवा चरबी थेट अधिक दिल्यास तंतूंचे पचन बिघडते. म्हणून कोटीपोटात न विरघळणारी संरक्षित चरबी (बायपास फॅट) मर्यादित प्रमाणात देतात. याच काळात गाय पुन्हा माजावर येऊन गाभण राहणे अपेक्षित असते. ऊर्जेची तूट खोल असेल तर बीजकोषाचे कार्य उशिरा सुरू होते, मुका माज दिसतो आणि दोन वेतांमधील अंतर लांबते.

मध्यकाळात भूक पूर्ण वाढलेली असल्याने वजन स्थिरावते. उतरत्या काळात गमावलेले वजन भरून काढता येते आणि त्याच वेळी लठ्ठपणाही टाळावा लागतो. पहिल्या व दुसऱ्या वेतातील गाई स्वतः वाढत असतात. त्यामुळे त्यांच्या देखभालीच्या गरजेत अनुक्रमे सुमारे २० व १० टक्के भर घालतात.

आहाराचे गणित : एक उदाहरण

भारतात सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा असा : देखभालीसाठी एक ते दीड किलो खुराक आणि गाईच्या दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. ४०० किलो वजनाच्या, १५ लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईस त्यानुसार साडेसात किलो खुराक लागतो. त्यासोबत २० ते २५ किलो हिरवा चारा व सुमारे ३ किलो वाळलेला चारा दिल्यास पाणी वगळता एकूण शुष्क पदार्थ १३ ते १४ किलो होतात. हे तिच्या वजनाच्या ३ ते ३.५ टक्के आहे आणि त्यात खुराक व चारा यांचा वाटा जवळपास निम्मा-निम्मा राहतो.

हाच नियम नुकत्याच व्यालेल्या, २० लिटर देऊ लागलेल्या गाईला यांत्रिकपणे लावल्यास साडेनऊ किलो खुराक निघतो. तिची भूक त्या वेळी १० किलो शुष्क पदार्थांइतकीच असेल, तर साडेआठ किलो जागा खुराकच व्यापतो आणि चाऱ्यासाठी जेमतेम दीड किलो उरते. अशी गाय आम्लतेला बळी पडते. खुराक कमी करावा तर किटोसिसची भीती राहते. या दोहोंमधील वाट चांगल्या प्रतीच्या चाऱ्याने आणि भाकड काळातील पूर्वतयारीनेच सापडते.

पाणी व उष्णता

दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. दर लिटर दुधामागे साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागते, शिवाय देखभालीची गरज वेगळी. उन्हाळ्यात ती आणखी वाढते. उष्णतेच्या ताणाने गाय कमी खाते, धापा टाकते, लाळ गळते आणि त्यामुळे बायकार्बोनेट पोटात पोहोचत नाही. म्हणून उन्हाळ्यात खाद्याचा मोठा भाग पहाटे व रात्री देणे, सावली व हवा खेळती ठेवणे हे आहाराइतकेच महत्त्वाचे ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी व गवळाऊ या महाराष्ट्रातील गोवंशांचा शेतीकामाशी जवळचा संबंध आहे; त्यांचे दूध तुलनेने कमी असल्याने दुग्धज्वर वा किटोसिस त्यांच्यात विरळा. हे विकार संकरित गाईंबरोबर मोठ्या प्रमाणावर परिचित झाले. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने होल्स्टिन फ्रिजियन व जर्सी वळूंच्या गोठीत वीर्याद्वारे संकरित पैदाशीचा प्रसार केला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी व होल्स्टिन यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय विकसित केली. दुधाची क्षमता अशा रीतीने वाढली, पण चाऱ्याची व्यवस्था सर्वत्र त्या प्रमाणात बदलली नाही.

राज्यातील साखरपट्ट्यात उसाचे वाढे हा स्वस्त व मुबलक चारा आहे. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमशी बांधले जाते आणि ते शरीराला मिळत नाही. प्रथिनेही त्यात अत्यल्प असतात. म्हणून वाढ्यांवर चुन्याच्या निवळीची प्रक्रिया करून, क्षार मिश्रण व द्विदल चाऱ्याची जोड देऊन ते खाऊ घालण्याचा सल्ला दिला जातो. दुष्काळात चारा छावण्यांमधून जनावरे जगवण्यासाठी ऊसच चारा म्हणून दिला जातो. जीव वाचवण्यास तो उपयोगी पडला तरी गाभण व दुभत्या गाईंचे पोषण त्याने भागत नाही. मक्याचा मुरघास हा अलीकडे रुजलेला उपाय वर्षभर एकसारखा चारा देण्यास साहाय्यभूत ठरतो. मात्र बुरशी लागलेला मुरघास विषारी ठरू शकतो.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात संतुलित आहार कार्यक्रम राबवला. गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्याने गाईचे वजन, दूध व स्निग्धांश नोंदवून, शेतकऱ्याकडे उपलब्ध असलेल्या चाऱ्यातूनच संगणकाच्या मदतीने कमी खर्चाचा संतुलित आहार सुचवावा, अशी त्याची रचना होती.

आरोग्याची देखरेख

चयापचयाची स्थिती गोठ्यातही बऱ्याच अंशी ओळखता येते. आरामात बसलेल्या गाईंपैकी बहुसंख्य रवंथ करत असाव्यात. शेणाचा घट्टपणा, त्यातील न पचलेले दाणे, डाव्या कुशीतील खळगा, गव्हाणीत उरलेले खाद्य व शरीरस्थितीतील बदल यांवरून अंदाज बांधता येतो. दुधाची तपासणीही बोलकी असते. सुरुवातीच्या आठवड्यांत स्निग्धांश व प्रथिने यांचे गुणोत्तर १.४ ते १.५ च्या वर गेल्यास चरबी फार वितळत असल्याची शंका येते. ते १ च्या आसपास वा खाली उतरल्यास आम्लतेची शंका येते.

महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ हे प्रमाण धरून ठरतो आणि ते कमी भरल्यास दर कापला जातो. त्यामुळे संकलन केंद्रावर घटलेला स्निग्धांश हा अनेकदा गोठ्यातील बिघाडाचा पहिला पुरावा असतो. अशा वेळी दुधाला दोष देण्याआधी चाऱ्याची लांबी व खुराकाचे प्रमाण तपासणे योग्य ठरते.

आर्थिक महत्त्व

भाकड गाय दूध देत नसल्याने तिच्यावरील खर्च वाया जातो, असा समज व्यापक आहे. हिरवा चारा व खुराक दुभत्या गाईला आणि उरलासुरला कडबा भाकड गाईला, अशी विभागणी त्यामुळे होते. परंतु पुढील वेतातील दूध, वासराचे वजन, चिकाची प्रत आणि गाय पुन्हा गाभण राहण्याचा काळ या साठ दिवसांतील आहाराशी जोडलेला असतो. या काळात वाचवलेल्या खुराकाची किंमत पुढे औषधोपचार, घटलेले दूध व लांबलेले वेत यांतून मोजावी लागते. भारतात दूध उत्पादन मुख्यतः एक-दोन किंवा चार-पाच जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबांच्या हाती आहे. मोठ्या गोठ्यात एक गाय दगावली तर ती हिशेबातील तूट असते. दोन गाई असलेल्या घरात तेच निम्मे उत्पन्न असते. त्यामुळे चयापचय विकारांचा प्रतिबंध हा लहान उत्पादकांच्या दृष्टीने उपचारांहून अधिक महत्त्वाचा मानला जातो.